पंधरावा हात

नवजात अर्भक कक्ष
४ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

दीड वर्षात मी तुला पत्र लिहिलं नाही आणि तू मला. तुझा दादा गेला तेव्हा आपण दोघी एकमेकींना जे बोललो ते बोलायला नको होतं. तू म्हणालीस, घरात नर्स असून माझ्या भावाचं दुखणं वेळेवर कळलं नाही. मी म्हणाले, भावाचा एवढा कळवळा होता तर वर्षातून एकदा तरी तोंड दाखवायचं होतंस. असो. नणंद-भावजयींनी भांडायचं नाही तर कुणी. आज काम आहे म्हणून लिहिते. कामाशिवाय लिहिण्याइतकी मी अजून निवळलेली नाही.

फोन केला नाही, कारण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. शिवाय सोबतचं पाकीट टपालानेच यायचं होतं.

माझ्या वॉर्डात दिवस न भरलेली बाळं असतात. काचेच्या पेटीत, हाताच्या पंजाएवढी. जानेवारीत तिघांना ताप आला. दोघं सावरली. तिसरी मुलगी होती, नऊशे ग्रॅमची. अकराव्या दिवशी गेली. या बाळांना दूध पचत नाही, म्हणून छातीतल्या बारीक नळीतून स्निग्ध सलाईन देतो. तिच्या नळीच्या टोकाशी आमच्या डॉक्टरांना यीस्ट दिसलं. त्यांचं म्हणणं, अंगावर पांढरट शिबं उठतात ती ज्या यीस्टमुळे, तसलंच हे दिसतंय.

आता पुढचं. सहा महिन्यांपूर्वी वॉर्डात एक पोरगी नर्स म्हणून लागली. कामाला चोख, जिभेला धार. तिच्या मानेवर, कानामागून पार कॉलरच्या आतपर्यंत, पांढरट डाग आहेत. बाकीच्या जणी तिला ठिपकी म्हणतात. मी म्हणू नका म्हणाले होते, पण मनावर घेऊन म्हणाले नव्हते. डॉक्टर ‘शिबं’ म्हणाले आणि सगळ्यांच्या नजरा तिच्या मानेकडे गेल्या. माझीही.

अधीक्षकांनी चौकशी समिती नेमली आहे. तुझ्या प्रयोगशाळेचा शब्द त्यांना चालेल. पाकिटात दोन बाटल्या आहेत: एकीत नळीचा तुकडा, दुसरीत तिच्या मानेवरची खरवड. ती तिने आपणहून दिली. मान पुढे करून म्हणाली, “घ्या सिस्टर, लपवायला आहेच काय.”

मला एवढंच कळव: दोन्हींतलं यीस्ट एकच आहे का. आणि लवकर कळव. बाळाची आई अजून रोज येऊन वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसते. तिला मला काहीतरी सांगायचं आहे.

तुझी वहिनी


बुरशी प्रयोगशाळा
१३ फेब्रुवारी

वहिनी, नमस्कार.

माझंही पाणी अजून गढूळच आहे, तेव्हा बरोबरी झाली. मी वाक्य पुरं करू देत नाही म्हणालात. दादा म्हणायचा, तुम्हा दोघींच्या फोनमध्ये पूर्णविराम फक्त बिल भरलं नाही तरच येतो.

बाळाचं वाचून वाईट वाटलं. नऊशे ग्रॅम म्हणजे माझ्या टेबलावरच्या सूक्ष्मदर्शकाच्या निम्म्याहूनही कमी.

शिबं उठवणाऱ्या यीस्टबद्दल थोडं सांगते, कारण तुमच्या समितीला ते कुणी सांगितलेलं दिसत नाही. हे यीस्ट तुमच्या अंगावर आहे, माझ्या आहे, अधीक्षकांच्या टकलावर तर नक्कीच आहे. कातडीच्या तेलावर ते जगतं. बहुतेकांकडे भाडेकरूसारखं गुपचूप राहतं. कुणाकडे घाम, उकाडा, नशीब असं काही जमून आलं की हातपाय पसरतं आणि तिथला रंग उतरवतं. त्याला आपण शिबं म्हणतो. मानेवर शिबं म्हणजे बाई अस्वच्छ, हे अडाण्याचं गणित आहे.

हे सांगून झालं. आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. खरवड भिंगाखाली पाहिली: तुटक्या काड्या आणि मण्यांचे घोस. शिबंच, शंका नाही. मग दोन्ही नमुने वाढवायला ठेवले. या यीस्टला तेलाशिवाय घास जात नाही, म्हणून आमच्याकडे कातडीचा किंवा नळीचा कुठलाही नमुना आला की थाळीवर ऑलिव्हच्या तेलाचा पातळ थर द्यायचा, ही माझीच सव्वीस वर्षांची शिस्त. दोन्ही वाढले. दोन्हींच्या वसाहती मळक्या सायीसारख्या. कूळ एकच. तसा अहवाल सहीनिशी अधीक्षकांना आजच रवाना केला आहे: ‘दोन्ही नमुन्यांत एकच यीस्ट आढळले.’

त्या कुळात पुष्कळ भावंडं आहेत. नेमकं कुठलं, हे ठरवायच्या चाचण्यांना आणखी दहा-बारा दिवस लागतील. हवं असेल तर कळवा.

दादाचा साहेब कसा आहे? की गेला तोही?

भिंगरी


नवजात अर्भक कक्ष
२० फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

अहवाल पोचला. समितीचं काम वीस मिनिटांत आटोपलं, त्यातली दहा मिनिटं चहाची. पुढच्या चाचण्या नकोत. तिला काढलं.

दुसऱ्या दिवशी ती गणवेश परत करायला आली. तिन्ही जोड धुऊन, इस्त्री करून. मला म्हणाली, “सिस्टर, एक विचारू? मी दर वेळी हातमोजे घालत होते. त्या बाळाची नळी मी घातलीच नव्हती. मग माझ्या मानेवरचं तिथवर गेलं कसं?” मी म्हणाले, अहवाल माझा नाही, प्रयोगशाळेचा आहे. ती म्हणाली, “बरोबर. कागदाला विचारते.” म्हटलं ना, जिभेला धार.

बाळाच्या आईला मी सांगितलं, जिच्यामुळे झालं तिला काढून टाकलं. ती बाकावरून उठली आणि घरी गेली. वाटलं, चला, एका जिवाला तरी स्वस्थता मिळाली.

नळीचं म्हणशील तर अवघड नळ्या मीच घालते. एवढ्याशा बाळाची शीर दोऱ्याएवढी. हातमोज्यातून ती कळत नाही, बोटांच्या उघड्या टोकांनाच कळते. डॉक्टरसुद्धा मला हाक मारतात. एकतीस वर्षांत माझा हात चुकलेला नाही.

साहेब आहे. बहिरा झाला, दिसतं कमी, पण रुबाब तोच. आयुष्यभर कारकुनी करून एका तरी साहेबाला ‘बस’ म्हणायला मिळावं म्हणून तुझ्या दादाने कुत्र्याचं हे नाव ठेवलं, आणि शेवटपर्यंत साहेब काही त्याच्या सांगण्यावरून बसला नाही. कानांचं दुखणं जुनंच. सकाळी साडेपाचला उठते, त्याचे कान पुसते, थेंब घालते, तो हातावर डोकं टेकून पडून राहतो. घरात तेवढंच एक माणूस आहे. मग साडेसहाला ड्यूटी.

तुझे उपकार झाले.

वहिनी


बुरशी प्रयोगशाळा
६ मार्च

वहिनी,

या पत्रात मला एक चूक कबूल करायची आहे. सवय नाही, तेव्हा अक्षर वेडंवाकडं आलं तर समजून घ्या.

तुमचे नमुने लावले त्या दिवशी तेलाची बाटली ऐन वेळी संपली. नळीच्या तुकड्याची पहिली थाळी कोरडीच राहिली. मी नवी बाटली फोडून दुसरी थाळी केली आणि कोरडी बाजूला सारली. ती टाकून द्यायची राहून गेली. बारा दिवसांपूर्वी थाळ्यांची ऊबपेटी आवरताना हातात आली. वहिनी, ती गच्च भरली होती.

शिबं उठवणारं यीस्ट तेलाशिवाय जगत नाही. हे जगलं, नुसतं जगलं नाही, बाळसं धरलं. मग मी जे १३ फेब्रुवारीला करायला हवं होतं ते आता केलं. दोन्ही नमुने तेलाशिवाय लावले. पोरीच्या मानेवरचं कोरड्या थाळीवर उपाशी मेलं. नळीतलं पुन्हा वाढलं. भिंगाखाली तिच्याकडचं गोल, नळीतलं आखूड आणि लांबोळकं. त्या दिवशीही ते तसंच होतं. मला दिसलं नाही, कारण काय दिसणार ते तुमच्या पत्रातून मला आधीच समजलेलं होतं.

दोघांची नावं लांबलचक आहेत, रोगापेक्षा नाव जड. एवढंच ध्यानात ठेवा की कूळ एक असलं तरी दोन वेगळ्या जाती आहेत. तिच्याकडची माणसाच्या कातडीवरची, ‘ग्लोबोसा’. नळीतली दुसरी, ‘पॅकिडर्मॅटिस’. ही पहिल्यांदा सापडली ती गेंड्याच्या कातडीवर. हे वाचताना मला माझीच कातडी आठवली. ज्याला त्याला तेल लावायची शिस्त मीच घातली आणि तेलाखाली चोर आणि साव दोन्ही सारखेच चकचकीत दिसले.

म्हणजे ती पोरगी खरं बोलत होती.

अहवाल मागे घेतल्याचं पत्र मी लिहून ठेवलं आहे. अजून पाठवलेलं नाही. त्याआधी मला वॉर्डातल्या सगळ्यांच्या हातांचे नमुने हवेत. सगळ्यांचे. पाळी सुरू व्हायच्या आधी, हात धुण्याआधी आणि धुतल्यावर. सामान सोबत पाठवते आहे.

भिंगरी


नवजात अर्भक कक्ष
१४ मार्च

भिंगरी,

नमुने पाठवते आहे. चौदा जणींचे, दोन-दोन. लेबलं मी स्वतः लिहिली. वॉर्डात कुरकुर झाली. “आता आणखी कुणाला काढायचंय?” असं एक जण माझ्या पाठीमागे, मला ऐकू येईल इतक्या हळू म्हणाली.

तुला एक विचारते. हे उकरून मिळणार काय? बाळ गेलं ते गेलं. तीन आठवड्यांत एकालाही ताप नाही. नव्या नळ्या आल्या, नवे नियम आले, भिंतींना रंगही लागला. तुझा अहवाल तू मागे घेतलास तर सव्वीस वर्षांच्या कामावर डाग बसेल. पोरीला मी दुसरीकडे चिकटवून देते, माझ्या ओळखी आहेत. सगळं झाकलेलं राहील. तुझ्याच भल्याचं सांगते.

आणखी एक घडलं, ते तुला सांगायला हवं. बाळाची आई त्या पोरीच्या वसतिगृहावर गेली होती. तिला पत्ता कुणी दिला माहीत नाही. खोलीच्या दारात उभी राहिली. पोरीने ओळखलं, आत या म्हणाली, पाणी दिलं. ती पाणी न घेता नुसती उभी. तासभर उभी राहिली आणि निघून गेली. असं तीन दिवस. चौथ्या दिवशी पोरीने खोली सोडली. आता एका धुलाईखान्यात आहे, हॉटेलांच्या चादरी इस्त्री करते. आमच्यातली एक तिला भेटून आली. म्हणे मान घासून घासून लाल केली आहे. डाग मात्र तसेच.

तुझं ते पत्र पाठवू नकोस. निदान मला विचारल्याशिवाय नको.

वहिनी


बुरशी प्रयोगशाळा
२७ मार्च

वहिनी,

तुम्हाला विचारलं नाही. अहवाल मागे घेतल्याचं पत्र काल पाठवलं. तुमचं ऐकून मी पहिला अहवाल लिहिला होता, तो कसा निघाला ते आपण पाहिलंच.

चौदा जणींपैकी एकीच्याही हातावर ते यीस्ट नाही.

वॉर्डात पंधरा जणी आहेत ना? चौदा तुमच्या हाताखालच्या आणि एक तुम्ही. मी ‘सगळ्यांचे’ असं दोनदा लिहिलं होतं. तुम्ही सगळ्यांचे हात पुसलेत. तुमचा हात कुणी पुसायचा हा प्रश्न तिथे कुणाला पडला नसणार. मोठ्या सिस्टरच्या हाताकडे बघायचं धाडस कोण करतं. पण तुम्हाला तो पडला असणार. मी तुम्हाला ओळखते.

आता माझ्याकडचं सांगते. नऊ वर्षांपूर्वी दादाने मला पाकिटातून कापसाचा एक बोळा पाठवला होता. सोबत चिठ्ठी: ‘साहेबांच्या डाव्या कानातील गुप्त कागदपत्रे. तपास करून अहवाल सादर करावा.’ मीही तशाच थाटात अहवाल दिला होता. परवा जुनी वही काढली. माझ्याच अक्षरात आहे: साहेब, डावा कान, तेलाविना भरपूर वाढ, पॅकिडर्मॅटिस. गेंड्यावर ते एकदा सापडलं असेल; राहायला असतं ते कुत्र्याच्या कानात. वहिनी, माझ्या वहीत हे होतं, तुमच्या २० तारखेच्या पत्रात साहेबाचे कान होते, आणि तरी मला हे जुळवायला महिना लागला. कदाचित जुळवायचं नव्हतं.

धुतल्या हातावरही ते उरतं. स्निग्ध सलाईन मिळालं की त्याला सण. उघड्या बोटांच्या टोकांवरून नळीपर्यंतचं अंतर तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

अधीक्षकांना मी एवढंच लिहिलं आहे की यीस्ट त्या पोरीचं नाही आणि ते बहुधा कुत्र्याच्या संपर्कातून आलेलं आहे. घर कुणाचं ते लिहिलेलं नाही. जो नमुना माझ्यापर्यंत आला नाही, त्याबद्दल मी लिहीत नाही. ही शिस्त तरी धड पाळते.

सोबत तीन निर्जंतुक काड्या आहेत. दोन हाताच्या, धुण्याआधीची आणि नंतरची. एक कानाची. पाठवायच्या की फेकायच्या, तुम्ही ठरवा. मी आठवण करणार नाही.

दादा गेला तेव्हा मी तुम्हाला जे बोलले, ते खोटं होतं. त्याचं दुखणं कुणालाच कळण्यासारखं नव्हतं. हे त्याच वेळी लिहायला हवं होतं. आत्ता लिहिते आहे ते तुम्हाला पाठवायला भाग पाडावं म्हणून नाही.

भिंगरी


घरून
२२ एप्रिल

भिंगरी,

काड्या सोबत आहेत. तिन्ही.

मला तुझ्या ६ मार्चच्या पत्रातच कळलं होतं. कुत्रा हा शब्द तू लिहिला नव्हतास, पण ‘हात धुण्याआधी’ असं वाचलं आणि माझ्या हाताला साहेबाच्या कानांचा वास आला. मी चौदा लेबलं लिहिली. पंधरावं लिहिलं. ते फाडून टोपलीत टाकलं आणि वरून चहाचा चोथा ओतला. घरातच, जिथे बघायला कुणी नाही तिथे. मग बसून तुला ‘तुझ्याच भल्याचं सांगते’ असं लिहिलं. ते वाक्य तू मला कधीतरी परत वाचून दाखव.

तुझं २७ तारखेचं पत्र दोन आठवडे उशीखाली होतं. कबूल करायला वेळ लागला असं नाही. कबूल मी पहिल्याच दिवशी केलं, आरशासमोर. वॉर्डासमोर करायला पाय उचलत नव्हते. एकतीस वर्षं मी तिथे शिरले की कुजबुज थांबते. ती थांबायची बंद होईल, याची भीती. बाळ गेलं त्यापेक्षा मला त्याची भीती जास्त वाटत होती. हे मी तुलाच लिहू शकते, कारण तू माझ्याबद्दल याहून वाईट समजून बसली होतीस.

शेवटी एका सकाळी पाळी बदलताना सगळ्यांना थांबवलं. हात न धुता पुढे केला आणि सगळ्यांत नव्या मुलीला म्हणाले, घे नमुना. तिच्या हातून काडी दोनदा खाली पडली. तुझ्या तीनच काड्या होत्या, म्हणून पडलेल्यांऐवजी आमच्या भांडारातल्या घेतल्या, ते लेबलवर लिहिलं आहे. कानाचा नमुना मी घेतला. साहेबाने तो शांतपणे दिला. त्याला नोटीस कुणी बजावलेली नव्हती.

मग अधीक्षकांकडे गेले. तुझं पत्र त्यांच्या खणात होतं, वरची घडी मोडलेली, आतली नाही. म्हणाले, “सिस्टर, कशाला त्रास करून घेता? आपण ‘वातावरणातून संसर्ग’ असं लिहू. वातावरण काही तक्रार करत नाही.” मी म्हणाले, त्या पोरीचं काय? म्हणाले, “तिने तरी कुठे तक्रार केली?” पुढे म्हणाले, तुम्ही स्वेच्छेने निवृत्त व्हा, आपण निरोपसमारंभ करू, शाल देऊ. मी म्हणाले, शाल नको, तिला काढलं त्या कागदावर माझं नाव लिहा. त्यांनी कागद शोधला. सापडला नाही. वीस मिनिटांच्या चौकशीचं टिपण कुणी ठेवलंच नव्हतं. मग मीच लिहून दिलं, दोन पानं, आणि आवकच्या शिक्क्यासाठी काउंटरवर तासभर उभी राहिले.

तुझा निकाल येईपर्यंत रजेवर आहे. तो काय येणार ते मला माहीत आहे. तरी पाठव. या वेळी आधी बघ आणि मग लिही.

वहिनी


बुरशी प्रयोगशाळा
६ मे

वहिनी,

आधी बघितलं. तिन्ही नमुने तेलावर आणि तेलाशिवाय, दोन्हीकडे लावले. चाचण्या एकदा मी केल्या, एकदा दुसऱ्या तंत्रज्ञाने, बाटलीवरचं नाव झाकून. हातावर आहे. धुतलेल्या हातावर कमी, पण आहे. कानात भरपूर. तिन्हींचं आणि नळीतल्याचं वागणं प्रत्येक चाचणीत सारखं.

शास्त्राला धरून आणखी एक लिहायला हवं, तुमचं सांत्वन म्हणून नाही. त्या क्षणी, त्या बोटावरून, त्याच नळीत गेलं, हे कुठलीही थाळी सांगू शकत नाही. दुसरा काही मार्ग सापडला नाही, एवढंच मी म्हणू शकते. तेवढंच लिहिलं आहे. अधीक्षकांना एक प्रत, तुम्हाला एक, आणि दोन जादा. त्या कुणाला द्यायच्या ते मी सांगायला नको.

माझ्याकडेही कागद आला. ‘भविष्यात दक्षता घ्यावी.’ भविष्य स्वस्त असतं, त्यात काहीही घेता येतं. आता प्रत्येक नमुन्याच्या दोन थाळ्या लावतो. सव्वीस वर्षांत किती नळ्या मी तेलाखाली बुडवल्या असतील, त्याचा विचार दिवसा करत नाही.

त्या पोरीला निरोप द्या: घासू नकोस. औषधाने यीस्ट दोन-तीन आठवड्यांत मरतं. रंग मात्र महिनोन्‌महिने परत येत नाही. लोकांना वाटतं रोग अजून आहे. तो केव्हाच गेलेला असतो, नुसती जागा पांढरी राहते.

साहेबाच्या कानांचं औषध बदलून घ्या. तुम्ही आता घरी आहात, त्याला चालेल.

भिंगरी


घरून
१ जून

प्रिय भिंगरी,

दोन्ही प्रती दिल्या. कसं झालं ते जसंच्या तसं सांगते.

आधी धुलाईखान्यात गेले. वाफेने भरलेली लांब खोली, दोन ओळींत इस्त्रीची टेबलं. तिने मला बघितलं, पण हातातली चादर पुरी होईपर्यंत थांबली नाही. मी कागद दिला. तिने उभ्यानेच वाचला, सावकाश, दोन्ही बाजू. मी म्हणाले, माझी चूक होती, आणि कळल्यावरही मी महिनाभर गप्प होते. तिने विचारलं, “त्या बाईंना सांगितलंत?” मी म्हणाले, आधी तुझ्याकडे आले. ती म्हणाली, “आधी तिकडे जायचं. मी जिवंत आहे, मला थांबता येतं.” आणि पुढची चादर घेतली.

मग आईकडे. दुसऱ्या मजल्यावरची एक खोली. भिंतीशी घडी केलेला पाळणा अजून उभा. मी सगळं सांगितलं, कुत्र्यापासून फाडलेल्या लेबलापर्यंत. वाटलं होतं, ओरडेल. मारेल असंही वाटलं होतं, आणि बरं वाटलं असतं. तिने फक्त विचारलं, “शेवटी तिला हातात कुणी घेतलं होतं?”

मी म्हणाले, मी.

तिने माझ्या हातांकडे पाहिलं. मी ते लपवले नाहीत. मग म्हणाली, “तुम्ही मला सांगितलंत तेव्हा मी त्या पोरीच्या दारात जाऊन उभी राहिले. तीन दिवस. माझं दुःख तुम्ही भलत्याच पत्त्यावर पाठवलंत. ते मी आता परत कसं आणू?” तिने पायात चपला घातल्या. म्हणाली, “चला, दाखवा तिचं काम कुठे आहे.”

मी बाहेर थांबले. त्या दोघी आत काय बोलल्या ते मला माहीत नाही आणि विचारणारही नाही. आई बाहेर आली ती माझ्याकडे न बघता रस्ता ओलांडून गेली. मागून पोरगी आली, हात पुसत. म्हणाली, “सिस्टर, नोकरी परत घेते. ती माझीच होती. माफी घेत नाही. ती तुमच्याजवळच ठेवा.”

मी म्हणाले, ठेवते.

अधीक्षकांनी तिला घेतलं. शिक्का मारलेल्या दोन पानांवर आता तुझा अहवाल टाचलेला आहे, तेव्हा त्यांनाही वातावरण पुरेना. माझा राजीनामा मंजूर झाला. सोमवारी कपाटाच्या किल्ल्या द्यायला गेले, तेव्हा वॉर्डाच्या बाहेरच उभी राहिले. आत जायचा मला आता हक्क नाही. काचेतून दिसलं. ती एका पेटीजवळ वाकली होती, हातमोजे घालून, बाळाची नळी तपासत. शेजारी एक नवी आई उभी. वाकल्यावर पोरीची कॉलर सरकली आणि ते डाग दिसले, अजून तसेच, पांढरे. आईने बघितले आणि तिचा चेहरा बदलला. पोरीने मान वर केली. कॉलर ओढली नाही. आईला काहीतरी सांगितलं, फार तर दोन वाक्यं, आणि पुन्हा कामाला लागली.

काच जाड आहे. ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही.

तुझी वहिनी